मापात चूक परवडेल, मेळात नाही

मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे, तेव्हा सांभाळून घ्या. भांडण कुणा माणसाशी नाही, एका वाक्याशी आहे. "अगं, दोनच टायर बदल ना, बाकीचे दोन चांगले आहेत अजून!" हे वाक्य मी इथे डेन्वरमध्ये ऐकलंय, पुण्यात ऐकलंय, मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत उभी असतानाही ऐकलंय. बोलणारा दर वेळी काळजीपोटीच बोलत असतो, आपले चार पैसे वाचावेत म्हणून. साध्या गाडीला ते लागूही पडतं. पण ज्या गाडीची चारही चाकं इंजिनाची ताकद घेतात, त्या गाडीच्या मालकाला हा सल्ला देणं म्हणजे त्याच्याच खिशाला भोक पाडणं आहे.

माझं म्हणणं आधी थोडक्यात सांगून टाकते, म्हणजे ज्यांना लांबण वाचायचा कंटाळा आहे (भाऊजी, तुम्ही वाचताय हे मला माहीत आहे!) त्यांना इथेच थांबता येईल. ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीचे चार टायर हा एकच पार्ट समजायचा. घ्यायचे तर चार. एका कंपनीचे, एका मॉडेलचे, एका मापाचे, एकाच वेळी. आणि झिजवायचे तेही सारखेच. यात तडजोड नाही. आता का, ते सांगते.

उदाहरणाला माझ्या आवडत्या गाडीचंच घेते. सुबारू डब्ल्यूआरएक्स. कोलोराडोत राहणाऱ्यांना ही गाडी सांगायला नको, इथे प्रत्येक सिग्नलला एक तरी सुबारू उभी असते. बाकीच्यांसाठी : दिसायला चार दारांची साधी सेदान, पण पोटात टर्बो इंजिन आणि चारही चाकांना ताकद. वर्ल्ड रॅली चॅम्पियनशिपमध्ये हिच्या भावंडांनी १९९५ साली कॉलिन मॅक्रेला, २००१ साली रिचर्ड बर्न्सला आणि २००३ साली पेटर सोलबर्गला जगज्जेता केलं. अमेरिकेत ती २००१ साली आली, २००२ चं मॉडेल म्हणून. आपल्या देशी पोरांमध्ये तिचं वेड बरंच आहे, कारण नवी घेतली तरी जर्मन गाड्यांपेक्षा बरीच स्वस्त आणि जुनी घेतली तर विद्यार्थ्यालाही जेमतेम परवडते. गोची नेमकी इथेच आहे. गाडी घेताना परवडते, टायर घेताना परवडत नाही.

आता थोडं गणित. पळू नका, सातवीतलं आहे.

टायरच्या भिंतीवर लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ, २३५/४५ आर १७. यात २३५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ४५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४५ टक्के, म्हणजे १०५.७५ मिमी. आर म्हणजे रेडियल. १७ हा रिमचा व्यास, तो मात्र इंचात, म्हणजे ४३१.८ मिमी. (एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! हे ज्याने ठरवलं त्याला एकदा भेटायचंय.) रिमच्या वर एक भिंत, खाली एक भिंत. ४३१.८ अधिक २११.५. झाला ६४३.३ मिमी व्यास. त्याला पायने गुणलं की परीघ येतो सुमारे २०२१ मिमी. म्हणजे चाक एकदा फिरलं की गाडी दोन मीटर आणि वर थोडी पुढे जाते. गाडीच्या वजनाने टायर जरा बसतो, त्यामुळे रस्त्यावरचा खरा आकडा थोडा कमी असतो, पण तुलनेसाठी हे गणित पुरेसं आहे.

आता दुसरं माप घ्या. २४५/४० आर १८. व्यास ६५३.२, परीघ २०५२ मिमी. पहिल्यापेक्षा ३१ मिलिमीटर जास्त, म्हणजे साधारण दीड टक्का.

गंमत अशी की ही दोन्ही मापं सुबारू स्वतःच लावते. २०२२ पासूनच्या डब्ल्यूआरएक्सच्या सगळ्यात साध्या मॉडेलला पहिलं, त्याच्या वरच्या मॉडेलला दुसरं. मग दीड टक्क्याने कुणाचं काही बिघडलं का? नाही. कारण एका गाडीला चारही पहिले असतात, दुसऱ्या गाडीला चारही दुसरे. चारही चाकं मिळून थोडी मोठी झाली तर फार तर स्पीडोमीटर जरासं चुकीचं दाखवेल. दोन मोठी आणि दोन लहान झाली तर मात्र गाडीच्या आतडयांत पीळ पडतो. म्हणून मी म्हणते की मापात थोडी चूक परवडेल, मेळात नाही.

पीळ कसा पडतो ते सांगायला थोडं गाडीच्या पोटात शिरावं लागेल. वळणावर बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं आणि आतलं कमी. म्हणून डाव्या-उजव्या चाकांच्या मध्ये डिफरन्शियल असतो, तो दोघांना आपापल्या वेगाने फिरू देतो. चारही चाकांना ताकद द्यायची तर पुढची जोडी आणि मागची जोडी यांच्यामध्येही तसाच एक लागतो, तो सेंटर डिफरन्शियल. मॅन्युअल गियरच्या डब्ल्यूआरएक्समध्ये त्याच्या जोडीला व्हिस्कस कपलिंग असतं. एका बंद डब्यात पातळ चकत्या, एक आड एक, निम्म्या पुढच्या चाकांकडे जोडलेल्या आणि निम्म्या मागच्या. मध्ये दाट सिलिकॉनचं तेल. पुढची चाकं बर्फावर घसरून गरागरा फिरायला लागली की चकत्यांच्या वेगात फरक पडतो, तेल घुसळलं जातं, तापतं, आणि चकत्या एकमेकींना ओढायला लागतात. ताकद मागे जाते आणि गाडी बर्फातून निघते. काय सुंदर युक्ती आहे! ना कॉम्प्युटर, ना बटण.

पण ही युक्ती घटकाभराच्या कामासाठी आहे. बर्फात दोन सेकंद, वळणावर चार सेकंद. पुढचे आणि मागचे टायर वेगवेगळ्या परिघाचे असले तर त्या बिचाऱ्या कपलिंगला वाटतं की चाकं घसरताहेत. सरळ, कोरड्या हायवेवरसुद्धा. ते घुसळत राहतं, तापत राहतं, मैलच्या मैल.

आमच्या आजोळी बैलजोडी घेताना आजोबा दोन्ही बैल शेजारी उभे करून बघायचे. उंची आणि चाल, दोन्ही जुळायला हवी. एक उंच, एक ठेंगणा असे जुंपले तर औत ओढलं जाईल हो, पण जू तिरकं बसतं आणि एकाचा खांदा सोलवटतो. दोन्ही बैल एकेकटे अगदी उत्तम असले तरी. चाकांचंही अगदी तसंच आहे. चारही टायर एकेकटे चांगले असून भागत नाही.

"पण मामी, मी तर सेम साइझच घातलाय!" हे वाक्य माझ्या नणंदेच्या मुलाचं. फोर्ट कॉलिन्सला शिकतो, गुणी मुलगा. २०१५ ची मॅन्युअल डब्ल्यूआरएक्स जुनी घेतली. मागच्या एका टायरच्या भिंतीला चीर गेली. तो गेला टायरच्या दुकानात. दुकानाचं नाव इथे लिहीत नाही, कारण दोष एका दुकानाचा नाही, सगळीकडे हेच चालतं. काउंटरवरचा माणूस म्हणाला, एकाला एक जोडी लागते, दोन नवे मागे घाल, पुढचे दोन चांगले आहेत. माप तेच, २३५/४५ आर १७. याने घातले. आणि खुशीत मला फोटो पाठवला.

आता इथे बघा. भिंतीवर छापलेलं माप हे टायर जन्मला तेव्हाचं असतं. नव्या टायरची नक्षी, म्हणजे ट्रेड, साधारण १०/३२ इंच खोल असते, म्हणजे आठ मिलिमीटरच्या आसपास. त्याचे पुढचे "चांगले" टायर ४/३२ वर आले होते. फरक ६/३२ इंच, म्हणजे पावणेपाच मिलिमीटर. हे पावणेपाच त्रिज्येत. व्यासात दुप्पट, साडेनऊ. परिघात ३० मिलिमीटर! म्हणजे छापील माप अगदी एकच असून फरक तेवढाच पडला, जेवढा मघाच्या सतरा आणि अठरा इंची मापांमध्ये होता. आणि सुबारू किती फरक चालवून घेते? चारही टायरच्या परिघात पाव इंच. सहा मिलिमीटर आणि वर चिमूटभर. याच्या गाडीत त्याच्या जवळजवळ पाचपट होता.

अजून पुढे जाऊ. या फरकाने पुढचं चाक मागच्यापेक्षा दर मैलाला साधारण बारा फेरे जास्त मारतं. ताशी साठ मैलाने गेलात तर दर मिनिटाला बारा. चाकापर्यंत पोचायच्या आधीचा शाफ्ट चाकाच्या साधारण चौपट फिरतो, म्हणजे सेंटर डिफरन्शियलला दर मिनिटाला पन्नासेक फेऱ्यांची तफावत गिळावी लागते. फोर्ट कॉलिन्सहून आमच्या घरी जेवायला यायला पासष्ट मैल. येताना चाकाच्या आठशे फेऱ्यांची तफावत, जाताना आठशे. आणि मुलगा पुरणपोळीच्या लोभाने दर पंधरा दिवसांनी यायचा.

हिवाळा संपता संपता पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवलं की गाडी अडखळायला लागली. कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी, झटके देत. मेकॅनिकने चाकं बघितली, एक चक्कर मारली आणि सांगितलं, सेंटर डिफरन्शियल गेला. गियरबॉक्स उतरवावा लागला. दोन टायरचे जेवढे पैसे वाचले होते त्याच्या कितीतरी पट बिल आलं. आधीच्या मालकाने काय काय केलं असेल देव जाणे, सगळा दोष त्या दोन टायरवर टाकत नाही मी. पण मरायला टेकलेल्याला धक्का त्यांनीच दिला.

मला राग येतो तो इथे. दुकानदाराने खोटं सांगितलं नव्हतं. "दोनच नवे घालायचे तर मागे घाला" हा नियम खराच आहे. पावसात मागची चाकं आधी घसरली तर गाडी गिरकी घेते, म्हणून चांगले टायर मागे. टायर कंपन्याही हेच सांगतात. पण या नियमाची सुरुवात "दोनच नवे घालायचे तर" अशी आहे, आणि ऑल-व्हील-ड्राइव्हला ती सुरुवातच लागू होत नाही. बरोबर नियम चुकीच्या गाडीला लावला की तो चुकीच्या नियमापेक्षा जास्त घातक. कारण सांगणारा आत्मविश्वासाने सांगतो.

(जाता जाता : मी स्वतः टायर घ्यायला जाते तेव्हा काउंटरवरचा माणूस प्रश्न मी विचारले तरी उत्तरं आमच्या ह्यांच्याकडे बघून देतो. ह्यांना गाडीतलं पेट्रोलचं झाकण कुठल्या बाजूला आहे एवढंच नक्की माहीत. असो.)

आता नेहमीचे आक्षेप घेते, एकेक करून.

पहिला आक्षेप, "आजकालच्या गाड्यांत कॉम्प्युटर असतो, तो सांभाळून घेतो." काही गाड्यांत व्हिस्कस कपलिंगऐवजी कॉम्प्युटरने चालणारे क्लच असतात हे खरं. पण क्लच म्हणजे एकमेकांवर घासणाऱ्या चकत्याच. सारखं घासत ठेवलं तर त्याही झिजतात. आणि कॉम्प्युटरला चाकांचा फरक किती बारीक कळतो ते बघा. काही गाड्यांमध्ये टायरमधली हवा कमी झाली हे ओळखायला टायरच्या आत सेन्सरच नसतो. हवा कमी झालेलं चाक जरा लहान होतं, म्हणून जरा जोरात फिरतं, आणि एबीएसचे सेन्सर तेवढ्यावरून दिवा लावतात. जो फरक गाडीला इशारा द्यायला पुरतो, त्याला आपण "किरकोळ" म्हणायचं?

दुसरा आक्षेप, "चार घ्या म्हणणं ही टायर विकायची युक्ती आहे." संशय रास्त आहे, मीही दुकानदारावर पटकन विश्वास ठेवत नाही. पण गणित कुणाच्या बापाचं नसतं. वरचे सगळे आकडे कागद-पेन्सिल घेऊन तुम्ही स्वतः काढू शकता. शिवाय चार न घेता सुटायचा एक प्रामाणिक मार्गही आहे, टायर तासून घ्यायचा. बाकीचे तीन टायर बऱ्यापैकी नवे असतील आणि एकच गेला असेल, तर त्याच मॉडेलचा एक नवा टायर घेऊन मशीनवर त्याची नक्षी बाकीच्यांइतकी तासून देणारे विक्रेते अमेरिकेत आहेत. नवा कोरा टायर पैसे देऊन झिजवून घ्यायचा! आईला सांगितलं तर ती कपाळाला हात लावेल. पण एक टायर आणि तासायची मजुरी हे चार टायरपेक्षा स्वस्तच पडतं. आणि साधं पंक्चर असेल, खिळा नक्षीच्या भागात असेल आणि भोक पाव इंचाच्या आत असेल, तर आतून पॅच लावून तोच टायर वापरा. भिंतीत चीर असेल तर मात्र दुरुस्ती नाही.

तिसरा आक्षेप तरुण मंडळींचा. "मागे रुंद टायर घातले की गाडी काय दिसते!" दिसते, कबूल. आणि काही ऑल-व्हील-ड्राइव्ह गाड्यांना कंपनीच पुढे-मागे वेगळी मापं देते, हेही खरं. २००७ ते २०२५ पर्यंत बनलेल्या निसान जीटी-आरला पुढे २५५/४० आणि मागे २८५/३५, दोन्ही वीस इंची. पण गणित करून बघा. पुढचा व्यास ७१२, मागचा ७०७.५. रुंदीत तीस मिलिमीटरचा फरक आणि व्यासात साडेचारचा. बीएमडब्ल्यूच्या थ्री सीरिजच्या एक्सड्राइव्हला पुढे २२५/४५ आर १८ आणि मागे २५५/४० आर १८ अशी जोडी असते. ६५९.७ आणि ६६१.२. दीड मिलिमीटर! रुंदी वेगळी, उंची तीच, आणि जो थोडा फरक उरतो तो गाडी बनवतानाच धरलेला. इंजिनियरांनी घरं करून बघितली, मग माप ठरवलं.

आपला हौशी गडी काय करतो? २४५/४० आर १८ ची गाडी, मागे "जरा रुंद" म्हणून २६५/३५ आर १८ घालतो. रुंद म्हणजे मोठा, असं डोळ्याला वाटतं. प्रत्यक्षात त्या टायरचा व्यास ६४२.७, म्हणजे आधीच्यापेक्षा साडेदहा मिलिमीटर लहान! परिघात ३३ मिलिमीटर. दिखाव्यापायी त्याने एका दिवसात ते केलं जे झिजेला करायला दोन वर्षं लागली असती. ज्या गाडीला कंपनीने चारही चाकं सारखी दिली आहेत, तिला चारही सारखीच ठेवा. त्यात अजून एक फायदा, चाकं पुढची मागे आणि मागची पुढे करता येतात, म्हणजे झीज सारखी होते. रिम मोठी करायचीच हौस असेल तर चारही करा, आणि भिंत तेवढी कमी करा. सुबारूनेच २०१८ च्या एसटीआयला एकोणीस इंची रिम दिली तेव्हा टायर २४५/३५ केला. व्यास ६५४.१. अठरा इंचीचा होता ६५३.२. एक मिलिमीटरसुद्धा फरक नाही. हौस अशी करावी!

मापाबरोबर अजून दोन गोष्टी भिंतीवर छापलेल्या असतात, त्याही बघा. २३५/४५ आर १७ च्या पुढे ९४ डब्ल्यू असं काहीसं असतं. ९४ म्हणजे एक टायर ६७० किलो वजन पेलेल, डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंतचा वेग. स्वस्तातला टायर बघताना माप जुळतं आणि हे आकडे खाली येतात. माप जुळलं म्हणून टायर जुळला असं होत नाही. शिवाय एकच छापील माप असलेले दोन कंपन्यांचे टायर प्रत्यक्षात काही मिलिमीटरने वेगळे निघतात आणि नवे असतानाची नक्षीही कमी-जास्त खोल असते. म्हणून एकच कंपनी, एकच मॉडेल.

चौथा आक्षेप मला सगळ्यात जास्त छळतो. "ऑल-व्हील-ड्राइव्ह आहे ना, मग टायरचं एवढं काय?" अरे बाबांनो, चारही चाकांची ताकद गाडी पळवायला मदत करते, थांबवायला नाही. ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात. बर्फावर थांबवतो तो टायर. आमच्या कोलोराडोने २०१९ साली कायदाच केलाय. आय-७० हायवेवर मॉरिसन ते डॉटसेरो या डोंगराच्या पट्ट्यात सप्टेंबर ते मे गाडी न्यायची तर ऑल-व्हील-ड्राइव्ह असली तरी टायरवर किमान ३/१६ इंच नक्षी हवी. ३/१६ म्हणजे ६/३२. आमच्या भाच्याचे पुढचे "चांगले" टायर होते ४/३२ वर! म्हणजे स्कीइंगला जाताना बोगद्याअलीकडे पोलिसाने मोजले असते तर ते चांगले नव्हते. "अजून चांगले आहेत" हे कुणी, कशाने मोजून ठरवलं, हा प्रश्न मला प्रत्येक काकांना विचारायचाय.

भारतातल्या मंडळींसाठी दोन शब्द, कारण थार घेतलेले आपल्या घरातच तीन जण आहेत. थारमध्ये सेंटर डिफरन्शियल नसतोच. दोन चाकांवर चालवत असाल तर हे सगळं पुराण तुम्हाला लागू नाही. पण कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील टाकून चालवू नका. तिथे पीळ सोडायला कुणीच नसतं, टायर एकाच मापाचे असले तरी. आणि ज्यांच्याकडे कायम किंवा आपोआप चारही चाकं चालवणारी गाडी आहे, त्यांना वरचं सगळं जसंच्या तसं लागू. स्टेपनी लहान आकाराची असेल तर ती पंक्चरवाल्यापर्यंत पोचायला असते, महाबळेश्वरला जाऊन यायला नव्हे.

आता पैशाचं बोलू, कारण शेवटी सगळं तिथे येतं. चार चांगले टायर महाग असतात, विद्यार्थ्याला तर फारच. हे मी उडवून लावत नाही. पण मग हिशेब गाडी घेतानाच करायला हवा. गाडीची किंमत, विमा, आणि दर काही वर्षांनी चार टायर. हे तिन्ही जमत नसेल तर पुढच्या दोन चाकांवर चालणारी साधी गाडी घ्या, तिला चार हिवाळी टायर घाला, ती बर्फात उत्तम जाते आणि वेळ आली तर दोन टायरवर भागतं. त्यात कमीपणा काही नाही. कमीपणा आहे तो रॅलीची गाडी घेऊन तिला बेजोड टायर घालण्यात.

आणि हा फक्त आपल्या खिशाचा प्रश्न असता तर मी एवढं लिहिलंही नसतं. ज्याचे पैसे त्याची गाडी. पण सेंटर डिफरन्शियल आज टायर घातला आणि उद्या गेला असा जात नाही. तो आतल्या आत तापत, सोसत राहतो. तोवर मालकाने गाडी विकलेली असते. विकताना टायर "ऑलमोस्ट न्यू" असं लिहितो, दोन टायरचा फोटो टाकतो. बिल येतं ते पुढच्या माणसाला. आणि आपल्याकडे जुनी गाडी घेणारा पुढचा माणूस कोण असतो? नुकता शिकायला आलेला, क्रेडिट हिस्टरी नसलेला, कुणाचा तरी भाचा. "चालतंय ना, मग चालवा" या आपल्या लाडक्या मंत्राची किंमत मंत्र म्हणणारा क्वचितच मोजतो.

म्हणून जुनी ऑल-व्हील-ड्राइव्ह घेताना इंजिनाचा आवाज ऐकायच्या आधी खाली वाका. चारही टायरची कंपनी, मॉडेल आणि माप वाचा. नक्षी मोजा. मोजपट्टी नसेल तर इथे नाणी चालतात. पेनी उलटी धरून खाचेत घातली आणि लिंकनचं पूर्ण डोकं दिसलं तर नक्षी २/३२ च्या खाली, टायर संपला. क्वार्टर घातलं आणि वॉशिंग्टनचं पूर्ण डोकं दिसलं तर ४/३२ च्या खाली. चार चाकांची चार उत्तरं वेगळी आली तर मालकाला विचारा की असं किती मैल चालवलंय. मग रिकाम्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू हळू दोन चकरा मारा. गाडी अडखळली तर नमस्कार करून घरी या.

आणि ज्यांच्याकडे अशी गाडी आधीच आहे त्यांनी दर पाच-सहा हजार मैलांनी चाकांची अदलाबदल करा. हवा महिन्यातून एकदा बघा, दारावरच्या पट्टीवर लिहिलीय तेवढीच. आणि या शनिवारी शिवणकामाची टेप घेऊन खाली जा, चारही टायरना गुंडाळून परीघ मोजा. आकडे पाव इंचाच्या आत जुळले तर वर येऊन मस्त आल्याचा चहा प्या. नाही जुळले तर "बाकीचे दोन चांगले आहेत" असं सांगायला मला फोन करू नका, आधी चार टायरची ऑर्डर द्या. मग करा :-)